शिळेचा तिसरा सूर

१

आमच्या भाषेत ‘वाटाड्या’ या शब्दाला बाईचं रूप नव्हतं. ते माझ्यामुळे तयार झालं. आज आमच्या सान कास्तुलो गावच्या बाजारात पोरीबाळीसुद्धा तो शब्द सहज वापरतात, आणि तो कानावर पडला की अजूनही माझी मान ताठ होते. ताठ मान मला शोभते, असं माझा नवरा म्हणतो, आणि तो काही फार बोलणारा माणूस नाही.

मी फोर्तुनाता कालमो. माझे वडील, कालिस्त्रो कालमो, यांनी चाळीस वर्षं लोकांना कुचुमातानेसच्या पठारावरून पलीकडच्या दरीत नेलं. आधी मेंढ्यांचे व्यापारी, मग युद्धाच्या दिवसांत नाव न सांगणारी माणसं, आणि शेवटी पाठीवर सॅक घेतलेले परदेशी. त्यांना मुलगा झाला नाही. म्हणून त्यांनी शीळ मला दिली.

आमच्याकडे वाटाड्यांच्या प्रत्येक घराची शीळ वेगळी. आमची तीन सुरांची. पहिला लांब आणि खालचा, दुसरा तुटक, आणि तिसरा घायपातीच्या पानासारखा वर जाऊन टोकाला बारीक होणारा. मी सात वर्षांची असताना शिकायला लागले. मला तिसरा सूर जमायचा नाही, म्हणून मी दोनावरच थांबायचे. ताता, म्हणजे माझे वडील, असतील तिथून, बटाट्याच्या शेतातून, वाफेने अंघोळ करायच्या खोलीतून, राहिलेला सूर घालायचे. “अर्धी शीळ म्हणजे अर्धी वाट,” म्हणायचे. पुढे मला तिसरा सूर जमला, पण तातांसारखा नाही. त्यांचा सूर टोकाला जाऊन किंचित वळायचा. ते वळण माझ्या ओठांत कधी आलं नाही.

ताता गेले तेव्हा चौकातल्या वाटाड्यांच्या कचेरीत फळ्यावर त्यांच्या नावाच्या जागी माझं नाव लिहिलं गेलं. देसिदेरियो हा तातांचा सगळ्यात जुना शिष्य. तो फळ्यापुढे उभा राहून म्हणाला, “शीळ घालणाऱ्या बाईकडे पाहुणा टिकत नाही.”

“टिकत नाही, देसिदेरियो,” मी म्हटलं, “कारण मी त्याला डोंगरापलीकडे पोचवते.”

ही गोष्ट घडली तोवरच्या एकोणीस वर्षांत मी एकही माणूस हरवला नव्हता. हे मी सगळ्यांना सांगते. न विचारताही सांगते.

२

ही ऑक्टोबरची गोष्ट, तीन वर्षांपूर्वीची. पाऊस सरत आला होता. माझ्याबरोबर दोघंच होती. एक इनेके, हॉलंडची साठीतली सुईण, पायाने काटक आणि जिभेने त्याहून. दुसरा टोबियास, जर्मनीचा उंच पोरगेला माणूस, तिशीचा असेल. प्रत्येक दगडापुढे थांबून फोटो काढायचा. दोघांची ओळख आदल्या दिवशी खानावळीत झाली होती. इनेकेला आमची स्पॅनिश चांगली यायची. त्याला ‘धन्यवाद’ आणि ‘अजून एक’ एवढंच यायचं, पण तो सांगितलेलं ऐकायचा. अशी माणसं मला आवडतात.

गावाच्या शेवटच्या घराशी मी नेहमीचा धडा दिला. इनेके त्याला उलगडून सांगत होती.

“धुकं आलं की असाल तिथे उभं राहायचं. कुणाच्या हाकेवर जायचं नाही. धुक्यात हाक चारी बाजूंनी येते. फक्त या शिळेवर यायचं.” आणि मी शीळ घातली.

टोबियासने ती तीनदा घालायला लावली आणि मान डोलावली.

“तो म्हणतो, झोपेतसुद्धा ओळखेन,” इनेके म्हणाली.

मला बरं वाटलं. तेव्हा.

नऊच्या सुमाराला आम्ही कड्यासमोर आलो. तिथे वाट वळते आणि दरीपलीकडे चुनखडीचा उभा कडा येतो. तिथे शीळ घालायची हा माझा शिरस्ता. दोन श्वास गेले की ती जशीच्या तशी परत येते. लोक हसतात, टाळ्या वाजवतात, स्वतः ओरडून बघतात.

त्या आठवड्यात मला सर्दी होती. पहिला सूर गेला, दुसरा गेला, आणि तिसऱ्याला घशात ठसका आला. मी तोंडावर शालीचा पदर धरून खोकत राहिले.

दोन श्वास गेले. कड्याकडून शीळ आली. लांब, तुटक, आणि तिसरा.

टोबियासने टाळ्या वाजवल्या. इनेके माझ्याकडे बघत होती.

“तू तर मध्येच तोडलीस ना?” तिने विचारलं.

“घातली असेन,” मी म्हटलं. “सवयच आहे. खोकता खोकता गेली असेल.”

“असेल,” ती म्हणाली. “बाळंतिणीलाही आपण कधी ओरडलो ते आठवत नसतं.”

मी हसले. वाटेला लागल्यावर मी मनाशी हिशोब मांडत राहिले. ठसका आला तेव्हा माझे ओठ मिटलेले होते की उघडे? ठसका मिटल्या ओठांनी येत नाही. उघड्या तोंडाने शीळ येत नाही. एवढं मला कळत होतं. त्यापुढे मी विचार नेला नाही. चढ मोठा होता.

३

पठारावर माझी पेत्रोना आत्या राहते, तातांची धाकटी बहीण. तिच्या घरी आमचा पहिला मुक्काम असतो. पत्र्याच्या छपराची एक लांब खोली, त्यात चार खाटा, कोपऱ्यात मातीची चूल, चुलीवर दोरीला टांगलेली लोकर. एकच दार आणि हाताएवढी खिडकी. आत शिरलं की डोळ्यांना आधी काही दिसत नाही, मग चुलीतला लाल भाग दिसतो, मग आत्या.

आम्ही एकच्या सुमाराला पोचलो. आत्याने बटाटे आणि मक्याच्या भाकऱ्या पुढे ठेवल्या. बटाटे फुटून पिठासारखे झाले होते.

“शिजून शिजून गाळ झालाय,” ती तिच्या मोठ्या आवाजात म्हणाली. “इतका वेळ होतीस कुठे? दहा वाजता फाटकाशी शीळ घातलीस, मी लगेच भांडं चढवलं. दार उघडून उभी राहिले. तू आपली येतच नाहीस.”

“दहाला आम्ही अजून चढावर होतो, आत्या.” मी तोंड तिच्यासमोर धरून सावकाश बोलले.

“काहीतरी बोलू नकोस. आपल्या घरची शीळ मला कळत नाही होय? आणि आज काय सुरेख घातलीस गं. थेट कालिस्त्रोसारखी. शेवटी वळवलीस ना, तशी.”

मला आधी आनंद झाला. खोटं कशाला सांगू? एकोणीस वर्षं मी आत्याच्या तोंडून ते ऐकायला टपले होते. भाकरी मोडता मोडता मी मनाशी म्हटलं, वारा असेल. फाटकाची तार वाजली असेल. एखादा मेंढपाळ असेल.

इनेके भाकरी घेऊन तशीच बसली होती.

“तू हिच्याशी तोंड समोर धरून का बोलतेस?” तिने हळू विचारलं.

“तिला ऐकू येत नाही. सहा वर्षं झाली, दोन्ही कान गेले.”

एवढं बोलून मी थांबले. टोबियासने बटाटा संपवून ‘अजून एक’ म्हटलं, आणि आत्याने त्याच्या हावभावावरून ओळखून त्याला दोन वाढले.

४

तीन वाजता धुकं आलं. पठारावर ते खालून वर येत नाही, आडवं येतं. मी दाराशी भांडी घासत होते. समोरचं मेंढ्यांच्या वाड्याचं दगडी कुसू दिसत होतं, मग अर्धं दिसलं, मग नाही.

“टोबियास कुठे आहे?” मी विचारलं.

“मेंढ्यांचे फोटो काढायला गेला. कुसवाच्या त्या टोकाला.”

मला घाई वाटली नाही. पोरगा सांगितलेलं ऐकणारा होता. उभा राहिला असेल. मी हात पुसले, दोन बोटं ओठांशी नेली, आणि श्वास घेतला.

शीळ वाजली.

माझी बोटं ओठांना लागायची होती. छातीत श्वास तसाच भरलेला होता. शीळ वाजली ती कुसवाच्या पलीकडून, वरच्या अंगाने. लांब, तुटक, आणि तिसरा सूर वर गेला, टोकाला बारीक झाला, आणि किंचित वळला.

त्या अंगाला पाचशे पावलांवर जमीन संपते. तिथे चुनखडी खचून विवरं पडली आहेत. गवत थेट काठापर्यंत वाढतं, म्हणून उन्हातही मेंढ्या पडतात. एका विवरात आम्ही दगड टाकायचो लहानपणी. आवाज यायचा नाही.

धुक्यातून टोबियासचा आवाज आला. शांत, आज्ञाधारक.

“काय म्हणाला?” मी विचारलं.

“येतोय म्हणाला,” इनेके म्हणाली. “तुला म्हणाला.”

५

मी इनेकेला म्हटलं, एक हात कुसवावर ठेव आणि काढू नकोस. आम्ही दोघी कुसवाला धरून पळालो. दगड ओले होते. पळता पळता मी पूर्ण जोर लावून शीळ घातली. माझा तिसरा सूर संपायच्या आत पुढून तीच शीळ आली, माझ्यापेक्षा स्वच्छ. मी ओरडले. माझी हाक धुक्यात चारी बाजूंना फुटली, आणि मीच सकाळी सांगितलं होतं की हाकेवर यायचं नाही.

कुसू जिथे संपतं तिथे आम्ही थांबलो. पुढे नुसतं गवत.

“त्याला विचार, तू चालतोयस का.”

इनेके ओरडली. उत्तर आलं, फार लांबून नाही. ती ऐकत राहिली. दुसऱ्यांदा विचारलं. मग तिने माझा दंड धरला. तिची पकड सुइणीची होती.

“तो म्हणतोय, ओरडू नका, मी ठीक आहे. फोर्तुनाता माझ्यासोबत आहे. तिने माझा हात धरलाय.”

त्या क्षणाबद्दल मला देसिदेरियोने पुढे पुष्कळदा विचारलं. घाबरलीस का? घाबरले. पण भीतीच्या आधी दुसरंच काहीतरी आलं, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. मला संताप आला. माझ्या बापाची शीळ, माझं नाव, माझा पाहुणा.

“तातांचा आत्मा असेल का?” इनेके कुजबुजली. तिला वाटेत मी तातांबद्दल सांगितलं होतं.

“माझ्या वडिलांनी चाळीस वर्षांत कुणाला चुकीच्या वाटेला लावलं नाही,” मी म्हटलं. “ते नाहीत ते.”

आणि बोलता बोलता मला सुचलं. कड्यावर मी दोन सूर घातले होते आणि तिसरा आला होता. ते जे काही होतं त्याने आमची शीळ सगळीच्या सगळी उचलली होती, अर्धी न सोडण्याची खोडसुद्धा.

मी दोन सूर घातले. लांब, तुटक. आणि तोंड मिटलं.

समोरून, दीडशे पावलांवरून, तिसरा आला.

परत दोन. परत तिसरा, त्याच जागेवरून. पुढे सरकला नव्हता.

“त्याला सांग,” मी म्हटलं, “पहिले दोन सूर मी घालतेय, इथून. तिसरा माझा नाही. हात सोड आणि जागचा हलू नकोस. पुढे जमीन नाही.”

इनेकेने ते एकदा सांगितलं. ओरडून नाही, ठासून. बाईला कळा सुटल्यावर सांगत असेल तसं. मी मध्ये मध्ये दोन सूर घालत होते आणि पलीकडून तिसरा येत होता. मग टोबियासचा आवाज आला, अगदी हळू.

“ऐकू आलं म्हणतोय,” इनेके म्हणाली. “तिसरा सूर माझ्या कानाशी वाजतोय म्हणतोय.”

६

इनेकेला कुसवाशी ठेवून मी गवतात शिरले. पाऊल टाकण्याआधी पायाच्या बोटांनी जमीन चाचपत. दर चार पावलांना दोन सूर. तिसरा दर वेळी जवळून यायचा. मला सूर घालणं थांबवता येत नव्हतं. थांबवलं असतं तर ते मोकळं होऊन पुन्हा चालायला लागलं असतं. ओठ बधिर झाले होते. एकदा फुंकर नुसतीच गेली आणि सूर उमटला नाही, तेव्हा पलीकडेही सगळं गप्प झालं. ती शांतता सगळ्यात वाईट होती. कुणीतरी माझी वाट बघत होतं.

आधी मला त्याची केशरी सॅक दिसली, मग तो. उजवा हात अंगापासून थोडा पुढे धरलेला, मूल रस्ता ओलांडताना धरतं तसा. त्याच्या बुटांपुढे एक वीत गवत होतं.

मी त्याची सॅक मागून धरली आणि दोघांचं वजन मागे टाकलं. आम्ही दोघं पाठीवर पडलो. पडताना धुकं एका जागी विरलं, डोळा लवतो न लवतो तेवढा वेळ.

विवराच्या वर, जिथे पाय ठेवायला काही नाही तिथे, माझ्या अंगावर होता तशाच निळ्या घागऱ्याची किनार होती. वर उचललेला कोपर होता. दोन बोटं ओठांशी नेलेली. बोटांमागचं तोंड मला दिसलं, आणि ते शिळेसाठी आवळलेलं नव्हतं. ते उघडं होतं. खोकताना असतं तसं.

मग धुकं मिटलं.

मी टोबियासला सरपटत मागे आणलं. त्याचा डावा हात बर्फासारखा गार होता. उजवा उबदार होता, चुलीशी बसून उठलेल्या माणसाचा असतो तसा. मी तो घरी पोचेपर्यंत सोडला नाही. आधी त्याने दोनदा झटकून माझा चेहरा बघितला, आणि मी बघू दिला.

त्या रात्री दार लावून, खाटा एकमेकींना जोडून आम्ही पडून राहिलो. पहाटे खिडकी करडी व्हायला लागली तेव्हा आत्या उठली. माझी बहिरी आत्या. तिने डोकं एका बाजूला कलतं केलं, दाराशी गेली, कडी काढली आणि फटीतून बाहेर मोठ्याने म्हणाली, “कालिस्त्रोची पोर आत झोपलीय. तू जा आता.”

कडी लावून ती चुलीशी बसली आणि फुंकणीने जाळ केला.

दिवस वर आला, आभाळ स्वच्छ झालं, आणि मी दोघांना पलीकडच्या दरीत उतरवलं. बसमध्ये चढताना टोबियासने माझे दोन्ही हात धरले. त्याला काही म्हणायचं होतं, पण त्याला दोनच शब्द येत होते. त्याने त्यातला पहिला म्हटला.

इनेके शेवटी चढली. “तीस वर्षं मी लोकांना जगात आणलं,” ती म्हणाली. “तू काल जे केलंस ते तेच होतं.”

ते वाक्य मी जपून ठेवलं आहे.

७

गावी परतल्यावर मी कचेरीत सगळे वाटाडे जमवले आणि जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. कमी केलं नाही, वाढवलं नाही. मला वाटलं होतं देसिदेरियो हसेल. मी उत्तरही तयार ठेवलं होतं.

तो हसला नाही. टोपी गुडघ्यावर ठेवून तो म्हणाला, “ऑगस्टमध्ये मी वर होतो. तुझी शीळ ऐकली. परतलो तर तू इथे बाजारात बटाटे विकत होतीस.”

“आणि बोलला नाहीस?”

“काय बोलणार होतो? पोर बापापेक्षा चांगली शीळ घालायला लागलीय हे मी माझ्या तोंडाने सांगणार होतो होय?”

कुणी मान वर केली नाही. मग मीच बोलले. यापुढे पठारावर सान कास्तुलोच्या कुठल्याही वाटाड्याने शीळ घालायची नाही. माणसं एका दोरीने बांधून न्यायची, डोळ्यांपुढे ठेवायची, धुकं दिसलं की घराबाहेर पाठवायची नाहीत. माझ्या घरची शीळ तर मी गावातही घालणार नाही, लेकीला शिकवणार नाही. आमच्यात घरची शीळ बंद करणं म्हणजे घरातलं माणूस पुरण्यासारखं, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. देसिदेरियो उठून उभा राहिला. त्याच्यामागे बाकीचे उठले. एखाद्याच्या तिरडीपुढे उभं राहतात तसे. माझ्यापुढे असं कुणी कधी उभं राहिलं नव्हतं.

त्याला आता तीन वर्षं झाली. मी अजून लोकांना पलीकडे नेते, दोरीने बांधून. बावीस वर्षं, एकही माणूस हरवला नाही. लेकही माझ्याबरोबर येते. तिचं नाव फळ्यावर माझ्याखाली आहे.

एकच गोष्ट राहिली. मोकळ्या दिवशी मी अंगणात माग लावून बसते. हवा स्वच्छ असली की भर दुपारी वरून, पठाराच्या बाजूने, शीळ येते. आधी वर्षातून एखादी यायची, आता आठवड्याला येते. रस्त्याने जाणारे थांबतात, मला अंगणात बसलेली बघतात, आणि मुकाट्याने पुढे जातात.

मी हातातलं काम थांबवते. तिसरा सूर वर चढतो, बारीक होतो, वळतो. एवढा नेमका तर ताताही घालत नव्हते. आमच्या घरची शीळ इतकी सुंदर आहे हे मला तोपर्यंत कळलंच नव्हतं, आणि ती ऐकताना माझी छाती भरून येते. काय करू? येते.

हल्ली ती दोनच सूर घालून थांबते.

माझे ओठ आपोआप आवळले जातात. मी मागाचा धागा दातांत धरते, घट्ट, आणि वर सगळं पुन्हा गप्प होईपर्यंत सोडत नाही.